दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकारातून बल मिळते का? एककांच्या हिशेबाविषयी एक प्रश्न

संत्राबाग_वरूड

सर्वांना नमस्कार. वरूड तालुक्यात माझी संत्र्याची बाग आहे आणि विहिरीत ५ अश्वशक्तीची सबमर्सिबल मोटर सोडलेली आहे. सध्या पाणी जमिनीपासून सुमारे २० मीटर खाली आहे. तेथून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप काळ्या मातीतून २०० मीटर जातो, बागेच्या कोपऱ्यावर ९० अंशांचा बेंड घेतो आणि ठिबकच्या फिल्टरला मिळतो. या बेंडचा जोड उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा निसटतो. सोल्युशन लावून झाले, तारेने आवळून झाले, तरी तो टिकत नाही.

दुरुस्तीला आलेल्या कारागिराने बेंडवर किती जोर येतो याचा हिशेब तोंडी करून दाखवला. फिल्टरजवळच्या मीटरवर दाब दोन किलो, पाणी सेकंदाला पाच लिटर, दोन पाचा दहा, आणि त्याला दहाने गुणले की शंभर किलो. दहाने का गुणायचे, असे विचारल्यावर "ते तसेच असते" एवढेच उत्तर मिळाले.

मी विज्ञान शाखेचा पदवीधर असल्यामुळे घरी येऊन एकके मांडून पाहिली. मीटरवरील एकक किलो प्रति चौरस सेंटिमीटर असे आहे. एक लिटर म्हणजे १००० घन सेंटिमीटर. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की चौरस सेंटिमीटर छेदले जातात आणि १००० सेंटिमीटर, म्हणजे १० मीटर, शिल्लक राहतात. कारागिराचे दहा कोठून आले हे त्यामुळे कळले. परंतु उत्तराचे एकक किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद असे येते, आणि पुस्तकात ते संवेगाचे एकक आहे. तोच हिशेब पास्कल आणि घनमीटर प्रति सेकंद घेऊन केला, तर १,९६,००० × ०.००५ = ९८० वॅट, म्हणजे शक्ती मिळते. एकाच गुणाकाराला कारागीर बल म्हणतो, एका मांडणीत तो संवेग ठरतो आणि दुसऱ्या मांडणीत शक्ती. यांपैकी खरे काय? आणि केवळ दाब व प्रवाह माहीत असताना एकके जुळवून बलापर्यंत पोहोचता येते का?

मोजमापाविषयी शंका राहू नये म्हणून सांगतो की पाईपाचा आतला व्यास ७० मिलिमीटर भरला. प्रवाह मोजण्यासाठी पिंपात पाणी सोडताना कॉक अर्धवट आवळून मीटरचा काटा दोनवरच ठेवला होता, त्यामुळे दाब आणि प्रवाह एकाच स्थितीतले आहेत.

गुरुजी_चांदूर

प्रश्नातील शेवटचे वाक्य वाचून समाधान वाटले. बहुतेक जण उघड्या पाईपाचा प्रवाह आणि ठिबक चालू असतानाचा दाब यांचा गुणाकार करतात, आणि त्या उत्तराला कोणतेही एकक लावले तरी अर्थ नसतो.

प्रथम संवेगाचा घोळ मिटवू. दाबाच्या मीटरवरील किलो हे वस्तुमान नसून वजन आहे. पृथ्वी एक किलोग्रॅम वस्तुमानाला ज्या बलाने ओढते ते बल, म्हणजे सुमारे ९.८१ न्यूटन. पुस्तकांत त्याला किलोग्रॅम-बल म्हणतात, पण मीटर बनवणारे आणि वापरणारे नुसते किलो म्हणतात. तेव्हा आपले १०० किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद हे प्रत्यक्षात १०० किलोग्रॅम-बल-मीटर प्रति सेकंद आहेत. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, आणि कार्य भागिले वेळ म्हणजे शक्ती. १०० ला ९.८१ ने गुणा, ९८१ वॅट मिळतील. दोन्ही मांडण्यांत एकच राशी आहे आणि ती शक्ती आहे. पास्कल हे नाव दाबाच्या एककाला १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यतेने मिळाले, तरी आपल्या शेतांतील मीटर अजून किलोतच बोलतात. ते चालवून घ्यायला हरकत नाही, मात्र हिशेब करताना तो किलो कोणता हे ठरवूनच पुढे जावे.

मेट्रिक अश्वशक्तीची व्याख्याच मुळी ७५ किलोग्रॅम-बल-मीटर प्रति सेकंद अशी आहे. त्यामुळे आपल्या बेंडापाशी दाबाच्या रूपाने १०० ÷ ७५ = १.३३ अश्वशक्ती पोहोचते आहे. पंपाच्या दुकानात सांगतात ते सूत्र, म्हणजे लिटर प्रति सेकंद गुणिले मीटरमधील हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला एकूण दाब) भागिले ७५, हेही हेच आहे. तेथे एका लिटर पाण्याचे वजन एक किलो हे गृहीत धरलेले असते, आणि ते लिहिलेले नसल्यामुळे सूत्राची एकके वरवर जुळत नाहीत. आपल्या बाबतीत विहिरीतून वर येण्याचे २० मीटर, मीटरवरील दोन किलोचे २० मीटर आणि २०० मीटर पाईपातील घर्षणाचे चार-पाच मीटर धरले, तर हेड सुमारे ४५ मीटर होते. ५ × ४५ ÷ ७५ = ३ अश्वशक्ती. मोटर ५ ची आहे, म्हणजे पंप साठ टक्के काम पाण्याला देतो आहे. ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नाही.

आता बलाकडे येऊ. पाईपाच्या एका आडव्या छेदाचा विचार करा. त्या छेदावर मागचे पाणी पुढच्या पाण्याला दाब × क्षेत्रफळ एवढ्या बलाने ढकलते, आणि ते पाणी दर सेकंदाला वेगाइतके अंतर पुढे सरकते. बल × वेग म्हणजे शक्ती. क्षेत्रफळ × वेग म्हणजे प्रवाह. म्हणून दाब × प्रवाह ही शक्ती येते, आणि तिच्यातून बल काढायचे तर वेगाने भागावे लागते. आतला व्यास ७० मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३८.५ चौरस सेंटिमीटर, आणि सेकंदाला पाच लिटरला वेग १.३ मीटर प्रति सेकंद येतो. ९८१ ÷ १.३ = ७५५ न्यूटन, म्हणजे ७७ किलो. थेट २ × ३८.५ केले तरी ७७ च येतात. मीटर हवेच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो आणि हवा पाईपाला बाहेरून दाबतेच, म्हणून मीटरवरील आकडा तसाच घ्यावा.

नव्वद अंशांच्या बेंडवर असे दोन रेटे एकमेकांना काटकोनात येतात, एक येणाऱ्या बाजूने आणि एक जाणाऱ्या बाजूने. त्यांची बेरीज २ च्या वर्गमूळाने गुणून मिळते, म्हणजे १०९ किलो, आणि तिची दिशा वळणाच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे असते. कारागिराचे १०० आणि खरे १०९ इतके जवळ आल्यामुळे त्याचा हिशेब बरोबर वाटतो, पण हा निव्वळ योगायोग आहे. त्याने वेगाचे १.३ भागायचे सोडले आणि वळणाचे १.४१ गुणायचे सोडले, आणि दोन्ही चुका एकमेकींना जवळजवळ खाऊन गेल्या. हाच दाब आणि हाच प्रवाह ६३ मिलिमीटरच्या पाईपात असता, तर बेंडवरचे बल ७७ किलोच्या आसपास आले असते. त्याचे सूत्र मात्र तेथेही शंभरच सांगते.

याहून सोपी कसोटी हवी असेल तर पुढचा कॉक पूर्ण बंद करून पाहा. प्रवाह शून्य होईल, त्यामुळे दाब × प्रवाहही शून्य होईल. मीटरचा काटा मात्र वर चढेल आणि बेंडवरचा रेटा वाढेल.

केवळ दाब आणि प्रवाह यांतून बल मिळते का, याचे उत्तर मितींवरून निर्विवाद देता येते. दाबात वस्तुमान एका घातात, लांबी उणे एक घातात आणि काल उणे दोन घातात असतो. प्रवाहात वस्तुमान नसते, लांबीचा घात तीन आणि कालाचा उणे एक असतो. बलात वस्तुमान एक, लांबी एक, काल उणे दोन. वस्तुमान फक्त दाबातून येते, म्हणून दाबाचा घात एकच असला पाहिजे. तसे केले की कालाचे उणे दोन तेथेच पूर्ण होतात आणि प्रवाहाचा घात शून्य ठेवावा लागतो. पण मग लांबीचा घात उणे एकच राहतो, आणि हवा आहे अधिक एक. तेव्हा या दोन राशी कोणत्याही घातांत गुणल्या तरी बल मिळणार नाही. तिसरी राशी आणावीच लागेल, आणि ती कोणती हे परिस्थिती ठरवते, एकके ठरवत नाहीत.

मोर्शी_शेतकरी

गुरुजी, आपले म्हणणे पटले, तरीही एक शंका राहते. आम्ही ट्रॅक्टरवरच्या एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाने संत्र्यावर फवारणी करतो. गन उघडली की ती हाताला मागे ढकलते. दाब वाढवला की जास्त ढकलते, आणि जाळीत कचरा अडकून पाणी कमी झाले की धक्काही कमी होतो. येथे तर दाब आणि प्रवाह या दोघांवरच बल अवलंबून दिसते आणि पाईपाच्या क्षेत्रफळाचा संबंध कोठेही जाणवत नाही. हे कसे?

बारावी_विज्ञान

मी हा हिशेब करून पाहिला. गनमध्ये तिसरी राशी पाण्याची घनता असावी, असे धरले. घनतेत वस्तुमानाचा घात एक आणि लांबीचा उणे तीन. दाब, प्रवाह आणि घनता यांचे घात अनुक्रमे क, ख, ग मानले. वस्तुमानावरून क + ग = १. कालावरून २क + ख = २. लांबीवरून उणे क, अधिक ३ख, उणे ३ग = १. ही समीकरणे सोडवली असता क = ½, ख = १, ग = ½ आले. म्हणजे बल = स्थिरांक × प्रवाह × (घनता × दाब) चे वर्गमूळ. दुसरे कोणतेही उत्तर येत नाही. स्थिरांक किती हे मात्र यातून कळत नाही. तो कसा काढायचा, हे कृपया सांगावे.

गुरुजी_चांदूर

शाब्बास. ही पद्धत जेथपर्यंत नेऊ शकते तेथपर्यंत आपण पोहोचलात. ½, २ चे वर्गमूळ किंवा पाय (π) यांसारख्या शुद्ध संख्यांना मिती नसतात, म्हणून एकके कितीही घासली तरी त्या त्यांतून बाहेर पडत नाहीत. त्यांच्यासाठी भौतिक नियम लावावा लागतो किंवा प्रयोग करावा लागतो.

येथे नियम सोपा आहे. नोझलच्या आत दाब आहे आणि बाहेर आल्यावर तो उरत नाही, त्याचा वेग होतो. बर्नूलीच्या नियमाप्रमाणे दाब = ½ × घनता × वेगाचा वर्ग. म्हणून वेग = (२ × दाब ÷ घनता) चे वर्गमूळ. गनमधून दर सेकंदाला बाहेर पडणारा संवेग घनता × प्रवाह × वेग एवढा असतो, आणि गनवरचे बलही तेवढेच असते. त्यात वेग भरला की आपलेच सूत्र मिळते आणि स्थिरांक २ चे वर्गमूळ, म्हणजे १.४१ ठरतो. नोझलमधील घर्षणामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी भरेल.

आकडे घालून पाहू. दाब २५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २४.५ लाख पास्कल. प्रवाह मिनिटाला २० लिटर, म्हणजे सेकंदाला एक तृतीयांश लिटर. उत्तर सुमारे २३ न्यूटन, म्हणजे साधारण २.४ किलो येते. गन हातात धरणाऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटावा. खात्री करायची असल्यास गनच्या मुठीला मागून ताणकाटा लावावा आणि एक जण गन सैल हातांनी नुसती सांभाळत असताना काटा वाचावा. मात्र हा प्रयोग साध्या पाण्यावरच करावा, औषध भरलेल्या टाकीवर नको.

मोर्शीच्या शंकेचे उत्तर यातच आहे. गनमध्ये क्षेत्रफळ नाहीसे झालेले नाही. नोझलचे छिद्र, दाब आणि घनता ठरली की प्रवाह ठरतो, म्हणून प्रवाह लिहिला की छिद्र वेगळे लिहावे लागत नाही. वरूडच्या बेंडात तसे नाही. तेथे प्रवाह पुढच्या ठिबकने ठरवलेला आहे आणि पाईपाच्या क्षेत्रफळाशी तो बांधलेला नाही.

संत्राबाग_वरूड

मनःपूर्वक आभार. मग बेंडातही पाणी दिशा बदलते, म्हणजे संवेग बदलतो. घनता × प्रवाह × वेग याचेही एकक न्यूटनच येते. तो भाग ७७ किलोत मिळवायचा की तो त्यात आलेला आहे?

गुरुजी_चांदूर

तो वेगळा आहे आणि मिळवायचा असतो, पण किती ते पाहा. १००० × ०.००५ × १.३ = ६.५ न्यूटन, म्हणजे एका किलोहूनही कमी. दाबाच्या भागाला या भागाने भागले तर ११६ ही नुसती संख्या मिळते. दोन राशींचे एकक सारखे असल्यामुळे त्यांची बेरीज करण्याची परवानगी मिळते, त्यांपैकी कोणती महत्त्वाची हे कळत नाही. ते असे गुणोत्तर काढून ठरवावे लागते. आपल्या बेंडात वाहत्या पाण्याचा धक्का नगण्य आहे आणि सगळा खेळ दाबाचा आहे. फवारणीच्या गनमध्ये नेमके उलट आहे.

पाईपलाईनवाला

हिशेब योग्य आहे, परंतु जोड १०९ किलोने निसटत नसावा. माझा अनुभव पाईप टाकण्याचा असल्यामुळे दोन गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट व्यासाची. जोड सुटू लागला की पाणी सॉकेटमध्ये पाईपाच्या काठाच्या मागे शिरते आणि रेटा बाहेरच्या व्यासावर येतो. ७५ मिलिमीटरला क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटिमीटर धरावे. रबर रिंगच्या जोडात तर सुरुवातीपासूनच हे क्षेत्रफळ लागू पडते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एका प्लॉटचे पाणी बंद करून दुसऱ्याला देताना बॉल व्हॉल्व्ह झटक्यात फिरवला जातो का? तसे असेल तर चालते पाणी एकाएकी थांबते आणि दाबाची लाट मागे पळते. या वाढीचे सूत्र घनता × लाटेचा वेग × पाण्याचा वेग असे आहे, आणि त्याची एकके मांडली तर बरोबर पास्कल येतात. पीव्हीसी लवचीक असल्यामुळे त्यात लाट लोखंडी पाईपापेक्षा बरीच हळू जाते, सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास धरा. १००० × ४०० × १.३ = ५.२ लाख पास्कल, म्हणजे सुमारे ५.३ किलो. मूळचे दोन मिळवले तर ७.३ किलो होतात. मीटरचा काटा एवढ्या वेळात तेथपर्यंत पोहोचतही नाही, त्यामुळे मालकाला तो दोनच दिसतो. ७.३ × ४४ = सुमारे ३२० किलो आणि बेंडवर ४५० किलो. ४ किलो दाबाचा पाईप वापरला असेल तर त्याच्याही मर्यादेपलीकडचा हा दाब आहे.

लाट २०० मीटर जाऊन परत यायला एक सेकंद लागतो. त्याहून कमी वेळात व्हॉल्व्ह बंद केला तर पूर्ण धक्का बसतो. म्हणून आधी दुसऱ्या प्लॉटचा व्हॉल्व्ह उघडावा आणि मग पहिला सावकाश, दहा-पंधरा सेकंद घेऊन बंद करावा. लाईट एकाएकी गेल्यावरही पाणी मागे फिरून नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आपटते, आणि तेथे माणसाचा हात उपयोगी पडत नाही. त्यासाठी लाईनवर एअर व्हॉल्व्ह योग्य जागी हवा.

संत्राबाग_वरूड

व्हॉल्व्ह झटक्यातच फिरवला जातो, आणि उन्हाळ्यात प्लॉट बदलण्याच्या फेऱ्याही वाढतात. बेंडमागे काँक्रीटचा ठोकळा घालायचा झाल्यास तो किती मोठा असावा?

पाईपलाईनवाला

येथेही एककेच रस्ता दाखवतात. बल किलोत आहे आणि माती किती दाब पेलते हे किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये आहे, तेव्हा भागाकाराने चौरस सेंटिमीटर मिळतील. माती अर्धा किलो पेलते असे धरले तर ४५० ÷ ०.५ = ९०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे मातीला टेकणारी बाजू सुमारे एक फूट बाय एक फूट हवी. ठोकळ्याचे वजन येथे फारसे कामाचे नाही, मातीला टेकणारी बाजू कामाची आहे.

मात्र आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि ठोकळ्यामागे बोटभर भेग पडते. मग तो अर्धा किलो कागदावरच राहतो, आणि आपला जोड उन्हाळ्यातच निसटतो याचे एक कारण हेही असू शकेल. म्हणून चर खाली मुरूम लागेपर्यंत खोल करावा, ठोकळा न खणलेल्या मुरुमाला टेकवून ओतावा आणि मागे भरावाची माती ठेवू नये. बेंडवर आधी प्लास्टिकचा कागद गुंडाळावा, म्हणजे पुढे तो बदलावा लागला तर ठोकळा फोडावा लागणार नाही.

जागा असेल तर ९० अंशांच्या एका बेंडाऐवजी ४५ चे दोन बेंड तीन-चार मीटर अंतराने लावावेत. ४५ अंशांना १.४१ ऐवजी ०.७७ ने गुणायचे असते, म्हणजे प्रत्येकावर सुमारे २५० किलो येतील आणि प्रत्येकामागे ५०० चौरस सेंटिमीटरचा ठोकळा पुरेल.